वर चंद्राचा डोंगर, खाली डिंगोऱ्याचा

मित्रांनो, जरा दम धरा. मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला जागं व्हायला वेळ लागतो. बटण दाबलं की आधी माझा पंखा घरघरतो, पडदा बराच वेळ काळा राहतो आणि दाबणाऱ्याला वाटतं, गेला हा. गेलो नाही हो, येतोय. तेवढ्यात गॅसवर चहा ठेवून यायचा असतो, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तिथे मला कुणी कामच दिलं नाही. कामाला लागलो तो जुन्नरच्या पेठेत. भांड्यांचे व्यापारी गुलाबचंदशेठ यांचा मुलगा पिंटू. घरात पिढ्यान्‌पिढ्या ताटं-तांब्यांचा धंदा, पण यानं हट्टानं दुकानाच्या माडीवर फोटो स्टुडिओ काढला आणि मला आणलं. माझ्यात फोटो दुरुस्त करायचं एक सॉफ्टवेअर होतं. नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नवरदेवाच्या गालावरच्या पुटकुळ्या, वरमाईच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं आम्ही पुसायचो. पिंटू म्हणायचा, "लोकांना आरसा नको असतो राव, फोटो पाहिजे असतो." एकदा माऊस फिरवला की चेहरा कसा सायीसारखा गुळगुळीत. ओतूरपासून मंचरपर्यंत किती घरांत मी पुसलेले चेहरे भिंतीवर टांगलेत, विचारू नका. लग्नसराईत तर मला झाकण मिटायलाही उसंत नसायची. सगळे वाहवा करायचे, आणि मलाही वाटायचं, आपल्यासारखा कारागीर दुसरा नाही.

मग एक दिवस तेजस्विनी जिना चढून आली.

तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं अवसरी बुद्रुक, सासर जुन्नरमधलं डिंगोरे. शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. हातात लग्नाच्या फोटोंचं पाकीट होतं. त्यातला एक फोटो तिनं टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "पिंटूभाऊ, हा माझा नवरा नाही."

पिंटू घाबरलाच. फोटो उलटसुलट करून बघितला. "अहो वहिनी, सुभाषभाऊच आहेत की. डिंगोऱ्याचे वायरमन. माझ्या स्टुडिओचं फिटिंग त्यांनीच केलंय."

"त्यांचा ओठ कुठंय?"

आता मला आठवलं. सुभाष जन्मला तोच वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. लहानपणी पुण्याला शस्त्रक्रिया झाली, ओठ जुळला, पण नाकापासून खाली एक वण राहिला आणि बोलणं थोडं नाकातून यायला लागलं. त्या ओठापायी त्याचं लग्न फार उशिरा जमलं. तो वण आम्ही दोन मिनिटांत पुसला होता. पिंटूला वाटलं होतं, उपकार केले.

"मला हा वण आवडतो," तेजस्विनी म्हणाली. "तो हसला की आधी तो वण हसतो. परत द्या."

पिंटूनं कान पकडले आणि मूळ फोटो काढून दिला. पण तिच्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, भिंतीवर लावला तो गुळगुळीतच. खऱ्या फोटोकडे त्यांना बघवत नव्हतं. का ते मला नंतर कळलं.

पुढे पिंटूनं नवा, झगमगीत लॅपटॉप घेतला. मी कपाटात, जुन्या अल्बमांच्या ढिगाखाली. वर्षभर माझं झाकणसुद्धा कुणी उघडलं नाही. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्या हातानं दिवसरात्र काम करून घेतलं, तो हात कपाट उघडायचा, अल्बम घ्यायचा आणि कपाट लावायचा. शेवटी तेजस्विनीच पुन्हा आली. "तुमचा जुना लॅपटॉप पडून असेल तर द्या, मला चंद्र मोजायचाय." पिंटू हसला आणि मला पिशवीत घालून तिच्या हातात दिलं.

चंद्र मोजायचा म्हणजे काय, ते सांगतो. सूर्यग्रहणात चंद्र सूर्यासमोरून सरकतो. आपल्याला त्याची कड कंपासनं काढल्यासारखी गोल वाटते. पण चंद्रावर डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आणि त्याची कड म्हणजे त्या डोंगरांची रांगच. तेजस्विनी मुलांना सांगायची, "चंद्र जेवणाच्या ताटाएवढा धरा. ताटाच्या काठावर रव्याचा कण ठेवा. एवढासा त्याचा मोठ्यात मोठा डोंगर." हे डोंगर ग्रहणाच्या वेळी उजळ सूर्यासमोर काळे उठून दिसतात. सूर्य नेमका केवढा आहे हे ग्रहणातून मोजायचं तर आधी ही खडबडीत कड नीट ठाऊक असावी लागते. पुण्यातल्या एका हौशी मंडळानं तिला छोटी दुर्बीण, सूर्यासाठीचा काळा फिल्टर आणि कॅमेरा वापरायला दिला होता. सॉफ्टवेअर तिनं स्वतः जुळवलं. ते फोटोतली कड शोधतं, तिच्यावर एक अचूक वर्तुळ बसवतं, आणि कड कुठे वर्तुळाच्या बाहेर आली, कुठे आत गेली ते बघतं. बाहेर आली तर डोंगर, आत गेली तर दरी. मग ती वाकडी कड सरळ ताणून आडवी मांडतं आणि उंची वाढवून दाखवतं.

लहानपणी अवसरीहून सहलीला खोडदला गेली असताना तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या मोठ्या तबकड्या तिनं पाहिल्या, तेव्हापासून हे खूळ तिच्या डोक्यात होतं. एक ग्रहण पावसाळी ढगांत वाया गेलं होतं. पुढचं आलं ते २०२२च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आणि नेमका तेव्हा तेजस्विनीला सातवा महिना.

मित्रांनो, आमच्या भागात गरोदर बाई ग्रहण पाळते. अंधाऱ्या खोलीत बसायचं. कापायचं नाही, चिरायचं नाही, मोडायचं नाही, शिवायचं नाही. नाहीतर पोटातल्या बाळाला खोट येते, असं म्हणतात. तेजस्विनी असलं काही मानणारी नव्हती. पण ग्रहणाच्या आदल्या आठवड्यात लंकाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या आणि मी टेबलावरून सगळं ऐकलं.

"ऐंशी सालचं गिरान. माघातलं. भर दुपारी आंधारून आलं व्हतं. सुभाष पोटात, मला सातवा. समदी दारं लावून बसलेली. आन् गोठ्यात वासरू वरडाय लागलं. दाव्यात मान आडकलेली, डोळं पांढरं केलेलं. घरात दुसरं कुनी न्हाई. मी इळा घेतला आन् दावं कापलं. वासरू वाचलं." त्यांनी पदर सावरला. "सुभाष जल्मला तवा सुईण म्हनली, बाई, तू दावं न्हाई, पोराचा ओठ कापलास."

"आत्या," तेजस्विनी म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. "तुम्हाला मी किती वेळा सांगितलं. बाळाचा ओठ दुसरा महिना सरायच्या आत जुळतो. तुम्ही दावं कापलं तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं."

"डागदरबी तेच म्हनला. तुमी समदी शिकलेली, तुमचं खरं आसंल. पर रोज ते त्वांड मी बघती. येक गिरान पाळ, पोरी. माज्यासाठी पाळ."

तेजस्विनी बराच वेळ माझ्या बंद झाकणावरून बोट फिरवत राहिली. पुढचं असं ग्रहण कधी, आणि तेव्हा आभाळ मोकळं असेल की नाही, कुणी सांगावं? पण समोर बसलेल्या बाईची भीतीही खरी होती. मग सुभाषनं तोड काढली. तो वायरमन, त्याला वायर ओढण्यावाचून दुसरं काय सुचणार? दुर्बीण अंगणात, तिच्यापाशी तो. तिथून लांब वायर मधल्या खोलीत माझ्यापर्यंत. तेजस्विनी अंधारात बसून पाळणार आणि माझ्या पडद्यावर काम करणार.

लंकाबाईंनी विचार केला. "गिरान दिसंल तिला."

"चित्र दिसंल, आई. टीव्हीवर दाखवत्यात तसं."

"आन् बटणं दाबल्यानं काय तुटत न्हाई ना?"

"काही तुटत नाही, आत्या," तेजस्विनी म्हणाली, आणि ठरलं.

त्या संध्याकाळी मधल्या खोलीच्या खिडकीवर पोतं लावलं. लंकाबाईंनी पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकलं, मग लाडवांच्या डब्यात, चकल्यांच्या, चिवड्याच्या. घरातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. शेवटी माझ्याकडे आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि एक ओलं पान माझ्यावरही ठेवलं. मला कुणी फराळात धरलं ते त्याच दिवशी. पण ते पान नेमकं पडलं बोट फिरवायच्या टचपॅडवर, आणि त्या ओलाव्यानं पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला. चंद्र सूर्याला लागला होता, अंगणातून सुभाष "आलं का? आलं का?" विचारत होता आणि इकडे माझं मलाच कळेना. एरवी असल्या वेळी तेजस्विनी चिडली असती. पण तिनं पान अलगद उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या बटणांच्या वरच्या कडेला खोचून ठेवलं. लंकाबाई दारातून बघत होत्या. तिनं ते फेकलं नाही हे त्यांनी पाहिलं आणि मग कुठे त्या उंबऱ्यावर बसल्या.

वाडीतून कुणीतरी "दे दान, सुटे गिरान" ओरडत गेलं. आत आम्ही फोटोमागून फोटो साठवत होतो. सूर्य खाली होता, शेतांवरची हवा हलत होती, त्यामुळे पडद्यावर चंद्राची कड उकळत्या दुधासारखी थरथरायची. माझा पंखा एवढा ओरडत होता की लंकाबाईंनी विचारलं, ह्याला काय व्हतंय का?

मग सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला. ग्रहण अजून सुटलं नव्हतं. पडद्यावर सूर्याच्या तबकडीत वरून चंद्राची काळी कड आली होती, आणि आता खालून दुसरी काळी कड चढायला लागली. तिच्यावर एक बारीकसं झाड.

लंकाबाई उंबऱ्यावरून उठल्या. माझ्यापाशी आल्या आणि पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. "ह्यो तर आपला डोंगर. त्ये हिरड्याचं झाड."

"हो, आत्या."

"आन् वरचा?"

"तो चंद्राचा डोंगर."

"त्याच्यावर झाड न्हाई?"

"तिथं झाडं नाहीत. नुसता दगड आणि माती."

खालचा डोंगर वर वर येत गेला, मधला उजेड अरुंद होत गेला आणि विझला. लंकाबाई तरी तिथंच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाडवा. ओवाळणं झालं आणि तेजस्विनी माझ्यापुढे बसली. साठवलेले फोटो तिनं सॉफ्टवेअरला दिले. मी दुपारपर्यंत घरघरत होतो. शेवटी पडद्यावर आली एक सरळ, सपाट रेघ. ना डोंगर, ना दरी. तिचा चेहरा पडला. सगळं नीट तपासता तपासता ती एकदम थांबली. थरथर घालवायला तिनं एक पायरी घातली होती, बारीकसारीक खाचा भरून कड गुळगुळीत करणारी. पिंटूच्या स्टुडिओत मी आयुष्यभर केलं तेच काम. हवेच्या थरथरीबरोबर तिनं चंद्राचे डोंगरही पुसून टाकले होते.

"अहो," तिनं सुभाषला हाक मारली, "इथंही ओठ पुसला की."

तिनं ती पायरी काढून टाकली. आता एकही फोटो घासायचा नाही, सगळे एकावर एक ठेवायचे. हवेची थरथर प्रत्येक फोटोत वेगळी असते, ती एकमेकींत जिरते. डोंगर मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात. संध्याकाळी पडद्यावर रांग उभी राहिली. सुळके, खिंडी, एक लांबलचक पठार. पुण्याच्या मंडळानं यानांनी मोजलेल्या नकाशाशी ती ताडून पाहिली आणि बरेचसे डोंगर जुळले. मला तेव्हा जो आनंद झाला तो सगळी लग्नसराई मिळूनही कधी झाला नव्हता. मी पहिल्यांदाच काहीतरी आहे तसं दाखवलं होतं.

पौषात तेजस्विनी बाळंत झाली. मुलगी. आणि मित्रांनो, त्या मुलीचा वरचा ओठ दुभंगलेला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, हे कधी कधी बापाकडून येतं, यात कुणाचाच दोष नसतो, आणि आता याची शस्त्रक्रिया उत्तम होते. तेजस्विनीनं शांतपणे ऐकून घेतलं. पण माहेरून सव्वा महिन्यानं ती डिंगोऱ्याला आली तेव्हा तिनं मला उघडलं नाही. मी टेबलावर तसाच पडून. एकदा ती माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला फार दुःख झालं.

बाळाला बघायला शेजारच्या कोंडाबाई आल्या. बाळाच्या हातात झबलं ठेवलं, कौतुक केलं, चहाचा कप घेतला आणि म्हणाल्या, "गिरनात त्या मशीनम्होरं बसली व्हती म्हनं. म्हून झालं आसंल. लंके, तुला तर ठावं व्हतं. तू तरी आडवायचं."

तेजस्विनीनं मान खाली घातली. मुलांच्या शंभर प्रश्नांना उत्तरं देणारी ही बाई, पण आता मान वर करेना. बाळाला तिनं छातीशी धरलं. चाळीस वर्षांपूर्वी या घरात एक सून अशीच बसली असेल, आणि तिच्या बाजूनं कुणी बोललं नसेल.

लंकाबाई विळीवर मेथी चिरत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "कोंडे, दिस रोज कुठं बुडतो?"

"डोंगरामागं. आता ह्ये काय इचारनं?"

"आन् त्या येळंला तू काय करती?"

"सैपाकाला लागती. भाजी घेती चिरायला."

"मी बी घेती. सुभाष पोटात आसताना बी घेतली, धाकटी पोटात आसताना बी. रोज दिस डोंगराआड जातो आन् रोज आपुन इळीवर बसतो. कुनाचा ओठ फाटला त्यानं?" आता त्यांचा हात थांबला. "गिरनाच्या दिशी बी त्यो डोंगराआडच गेला व्हता. मी माज्या डोळ्यांनी बगितलाय. वर येक डोंगर, खाली येक डोंगर. खालचा आपला, वरचा चंद्राचा. खालच्याला आपुन भीत न्हाई, मंग वरच्याला का भ्यायचं?"

कोंडाबाईंनी कप खाली ठेवला. लंकाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मी वासराचं दावं कापलं. माज्या पोराचा ओठ मी न्हाई कापला. आन् हिनं तर काय बी कापलं न्हाई, माज्यासाठी समदं पाळलं. हिच्या म्होरं ह्ये परत काढायचं न्हाई."

कोंडाबाई उरलेला चहा प्यायल्या, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. लंकाबाईंनी मेथी चिरून पुरी केली. तेजस्विनी रडत होती. मग लंकाबाईंनी हात धुतले, टेबलापाशी आल्या आणि माझं झाकण स्वतः उघडलं. बटण कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. तेजस्विनीनं डोळे पुसत दाबलं.

शस्त्रक्रियेच्या आधी बाळाचा एक फोटो असावा म्हणून तिनं पिंटूला बोलावलं. त्यानं फोटो काढला आणि बघायला माझ्यावरच घेतला. माझ्यासमोर बसल्यावर त्याचा हात जुन्या सवयीनं वण पुसायच्या बटणाकडे गेला. मी पंखा घरघरवला, पण माझं कोण ऐकतो?

"पिंटूशेठ," मागून लंकाबाई म्हणाल्या, "त्या ओठाला हात लावू नका. पुढं डागदर लावंल, त्यो पुरे." आणि भिंतीकडे बोट केलं. "त्यो बी बदला. पोरगं माजं हाय तसं पायजे."

तेजस्विनीकडची प्रत लहान होती, आणि भिंतीसाठी मोठा करायला लागणारा मूळ फोटो पिंटूकडे आता उरला नव्हता, नव्या लॅपटॉपवर तर नव्हताच. माझ्यापाशी होता.

आता बाळाचा ओठ जुळलाय, तिथे एक बारीक वण आहे, आणि ती माझ्या बटणांवर थापट्या मारते. भिंतीवर सुभाषचा खरा फोटो आहे. माझी बॅटरी कामातून गेली आहे, मला कायम वायर लावून ठेवावी लागते. पण पुढच्या ग्रहणाला मला बसायचंय, तेजस्विनीनं तसा शब्द दिलाय. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी कपाटात पडलं असेल तर एकदा उघडून बघा. जागा कमी पडली म्हणून काही पुसायचं झालं तर खुशाल पुसा, पण मूळ फोटो पुसू नका. आणि कधी डिंगोऱ्याला आलात, माझी धूळ झटकायची हौस वाटली, तर माझ्या बटणांच्या वरच्या कडेला तुळशीचं एक वाळकं पान आहे, ते तेवढं राहू द्या.